राखाडीच्या पोटी लाल

राखाडीत राखाडी ओतली की राखाडीच मिळते. एकतीस वर्षं रंगाच्या दुकानात उभी राहून मी हे शिकले, आणि या एका वाक्यापायी माझ्या नणंदेला मी खोटारडी ठरवलं.

दुकानात माझं काम रंग जुळवायचं. कुणी पडद्याचा तुकडा आणतं, कुणी फुटलेली फरशी. एकदा एक बाई नवऱ्याच्या स्कूटरचं मडगार्डच खांद्यावर टाकून आल्या होत्या. मी ती वस्तू खिडकीशी नेते, दोनदा उलटीसुलटी करते आणि मशीनवर येऊन सांगते, पिवळ्याचे इतके थेंब, काळ्याचे इतके. आमच्याकडे रंग मिसळायची दोन मशीनं आहेत. नव्या मशीनला रंग ओळखणारा डोळा आहे, पण अडलं की ते चालवणारा मुलगा मलाच हाक मारतो. याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही.

माझ्या नणंदेला सगळे बारकी म्हणतात. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि सासूबाई नुकत्याच गेलेल्या होत्या. तिच्या वेण्या मी घातल्या, गणितात नापास झाल्यावर शाळेत जाऊन बोलणी मी खाल्ली. पुढे ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागली. त्या कामात पाव नंबरसुद्धा इकडचा तिकडे चालत नाही. तिने लग्न केलं नाही, वेगळं बिऱ्हाडही केलं नाही. मागच्या खोलीत राहायची, आणि एका संध्याकाळी त्याच खोलीत तिने साप आणला.

उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता. गाव सोडून चाललेल्या एका गिऱ्हाइकाने दिला म्हणे. मी खुर्चीवर चढले आणि तिथूनच तिला ठणकावलं, की या घरात एक तर तो राहील नाही तर मी. बारकीने शांतपणे अभ्र्याची गाठ सोडली. तो हातभर लांब कॉर्न स्नेक तिच्या मनगटावर येऊन बसला. विष नाही, दंश नाही, घाई नाही. नारिंगी अंगावर विटकरी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला काळी बारीक किनार, जणू कुणी शून्य नंबरच्या ब्रशने ओढली आहे.

मी खुर्चीवरून उतरले. भीती गेली म्हणून नाही, तो नारिंगी कुठला ते मला कळेना म्हणून. दुसऱ्या दिवशी दुकानात मी तो रंग करून पाहिला. तीन दिवस केला. नारिंगी जमला, विटकरीही जमला, पण शेजारी शेजारी लावले की ते नुसते रंग दिसायचे. सापावर ते आतून आलेले दिसत. मी हरले, आणि हरले म्हणून सापांच्या नादाला लागले. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "आज फ्रीजमधल्या कुठल्या पुडीत मटार आहेत आणि कुठल्या पुडीत सापाचे उंदीर, तेवढं सांगून ठेवा. मागच्या वेळी मी गरम पाण्यात टाकलं ते फुगलंच नाही."

त्या नारिंगीचं नाव गाजऱ्या. पुढे मी माझ्या आवडीने दोन पिल्लं घेतली, दोन वेगवेगळ्या माणसांकडून. दोन्ही राखाडी. यांच्यात लाल रंग मुळी नसतोच. काळा, पांढरा आणि मधल्या सगळ्या छटा. मादीचं नाव पाटी, नराचं कोळसा. शेजारी शेजारी ठेवले तर मलासुद्धा क्षणभर थांबावं लागे, कोण कुठला. मागच्या खोलीत भिंतीला फळ्या ठोकून तीन डबे बसवले, खाली गरम पट्ट्या, प्रत्येक डब्यावर नाव. रंग माझ्याकडे, साफसफाई बारकीकडे, अशी वाटणी होती.

तीन वर्षांची झाल्यावर मी पाटीच्या डब्यात कोळशाला सोडलं. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आता राखाडी पिल्लांचा ढीग होणार. दुकानात तर मी त्या पिल्लांसाठी राखाडीच्या बारा छटांचं एक कार्डसुद्धा रंगवून ठेवलं. दोन दिवस ते दोघं एकत्र राहिले, मग मी कोळशाला काढलं. लगेच आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी चार दिवस माहेरी गेले.

परत आले तर डब्यांच्या जागा बदललेल्या. पाटी वरच्या फळीवर, गाजऱ्या मधल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"मधली पट्टी थंड पडली होती," बारकी म्हणाली. "पाटीला ऊब लागणार, म्हणून तिला वर ठेवलं. दादा म्हणाला रविवारी बघतो."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाटीने महिन्याभराने कात टाकली, आणखी दहा दिवसांनी चौदा अंडी घातली. मी ती ओल्या शेवाळात घालून, थर्मोस्टॅट लावलेल्या पेटीत ठेवली. साठ दिवस मी त्या पेटीचा आकडा सकाळ-संध्याकाळ बघितला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी स्वतःची एवढी काळजी घेतली नव्हती.

एकसष्टाव्या दिवशी पहिल्या अंड्याला चीर पडली आणि तिच्यातून एक डोकं बाहेर आलं. ते तांबूस होतं. मानेवर नारिंगी ठिपका, गंजलेल्या खिळ्यासारखा. मला वाटलं, ओल्या अंड्याचा उजेड असेल. मग दुसरं आलं, मग तिसरं. संध्याकाळपर्यंत चौदा अंड्यांतून तेरा पिल्लं डोकावत होती, एक अंडं फुकट गेलं. तेरापैकी राखाडी एकही नव्हतं. दोन राखाड्यांच्या पोटी तेरा लाल.

खरं तर तिथे मी तोंडात बोट घालून बसायला हवं होतं. एवढं मोठं नवल माझ्या हाताएवढ्या अंतरावर घडत होतं. पण मी रंगवाली. मला एकच कळत होतं, की डब्यात लाल दिसतोय म्हणजे कुणीतरी लाल ओतलाय. आणि घरात लाल अंगात असलेला एकच होता, गाजऱ्या.

बारकी कामावरून आली ती सरळ पेटीपाशी. "अगं बाई, वहिनी!" तिने दोन्ही हात गालांना लावले. "लाल? हे कसं झालं गं?"

"ते तू सांग."

"मी?"

"मी माहेरी होते तेव्हा डबे कुणी हलवले?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिचे हात खाली आले. "वहिनी, मी गाजऱ्याला पाटीपाशी ठेवलेलं नाही. डबे बदलले, साप नाही बदलले."

"मग लाल काय आभाळातून पडला?"

"मला नाही माहीत. पण मी ठेवला नाही."

नवरा मध्ये पडला. "अगं, साप आहेत ते. लाल झाले काय नि हिरवे झाले काय, जिवंत आहेत ना?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले, आणि बारकीकडे वळून जे बोलायला नको होतं ते बोलले. "चूक होते माणसाच्या हातून. घाईत डबा चुकला असेल, दोन मिनिटांसाठी टेकवला असशील, मला राग नाही त्याचा. पण खोटं बोलू नकोस. तुला मी वाढवलंय, तोंड बघून कळतं मला."

वाढवलंय हा शब्द मी तीस वर्षांत एकदाही काढला नव्हता. नवऱ्याने मान फिरवली. बारकीने मला नीट पाहून घेतलं, जशी ती काच उजेडात धरून बघते.

पंधरा दिवसांनी तिने चष्म्याच्या दुकानाजवळ एक खोली घेतली. जाताना गाजऱ्याला अभ्र्यात घालून घेऊन गेली. त्यानंतर ती भावाला भेटायला यायची, पण मी दुकानात असताना. मी घरी येऊन बघितलं की ओट्यावर धुऊन पालथा घातलेला तिचा कप असायचा. मी तो आत ठेवून द्यायचे आणि मुद्दाम विचारायचे नाही.

पिल्लं वाटून टाकली. एकच ठेवली, सगळ्यांत लालसर होती ती मादी. तिचं नाव वीट. ती का ठेवली, असं नवऱ्याने विचारलं तर मी म्हणाले, पुरावा म्हणून. पण खरं कारण निराळं होतं, तिच्यावरून माझी नजरच हलेना.

अंड्यातून आली तेव्हा वीट मळकटच होती. तपकिरी पाठ, वर थोडा गंज. दहाव्या दिवशी तिने पहिली कात टाकली आणि गंज जरा उजळला. दुसऱ्या कातेला मधली तपकिरी पाठ पिवळसर झाली, तिसरीला त्या पिवळ्यात नारिंगी उतरायला लागला. मी दर कातेनंतर तिला खिडकीशी न्यायचे, दुकानातल्या छटांचं पुस्तक शेजारी धरायचे आणि नंबर लिहून ठेवायचे. सातव्या कातेला नारिंगीची पानं संपली. मला लाल उघडावा लागला.

रंग उतरतो, हे माझ्या धंद्याचं पहिलं ज्ञान. भिंतीवर लावलेला पहिल्या दिवशी असतो तेवढाच उत्तम; पुढे ऊन, पाणी, वर्षं, सगळी त्याला खालीच ओढतात. आम्ही हमी देतो ती फार तर किती सावकाश उतरेल याची. आणि इथे एक जीव माझ्या डोळ्यांदेखत दर दीड महिन्याने जुनी त्वचा काढून टाकत होता आणि आतून अधिक भरदार होऊन येत होता. वरून कुणी काही लावत नव्हतं. काढून टाकलेली कात तर पाण्यासारखी, तिच्यात लालाचा टिपूससुद्धा नाही. मी ती कात उजेडात धरून कितीतरी वेळ बसायचे. मला हे कुणालातरी दाखवायचं असायचं. ज्या एका माणसाला हे बघून माझ्याइतकं वेड लागलं असतं त्याला मीच घराबाहेर काढलं होतं. 

दोन वर्षं अशी गेली. मग पाटीची कात एकदा डोळ्यावर अडकून बसली आणि मी तिला सापांची माहिती असलेल्या एका पशुवैद्य बाईंकडे नेलं. कोळशालाही सोबत घेतलं, तपासणी होऊन जाईल म्हणून. बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी ओल्या कापसाने पाटीच्या डोळ्यावरचा पापुद्रा असा काढला की पाटीला कळलंही नाही. मग दोघांना टेबलावर ठेवून म्हणाल्या, "छान. दोन्ही प्रकार ठेवलेत तुम्ही."

"कुठले दोन प्रकार? दोघंही राखाडी आहेत."

"राखाडी आहेत, पण वेगवेगळ्या. हिच्या गळ्याला पिवळं बघा. वयाबरोबर येतं ते, या जातीत. त्याच्या गळ्याला नाहीये, येणारही नाही."

पाटीच्या गळ्याला पिवळं होतं. ते मी दोन वर्षं बघत होते. एकतीस वर्षांची माझी नजर, आणि मी ते तिच्या वयावर ढकललं होतं!

मी बाईंना तेरा लाल पिल्लांची गोष्ट सांगितली, बारकीचं नाव न घेता. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. उलट त्या हसल्या. "लालच होणार. लाल रंग तयार व्हायला बऱ्याच गोष्टी जागेवर असाव्या लागतात. हिच्यात त्यातली एक बिघडलीय, त्याच्यात दुसरीच. पिल्लाला प्रत्येक गोष्ट दोनदा मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हीतली एक चांगली असली तरी काम भागतं."

मी "हो का" म्हणाले आणि घरी आले. मला काहीही कळलेलं नव्हतं.

कळलं ते दुसऱ्या दिवशी दुकानात. सकाळी गर्दी नव्हती. जुन्या मशीनची लाल रंगाची टाकी संपली होती, माल यायचा होता. नव्या मशीनची टाकी काठोकाठ भरलेली, पण लालाचं नोझल वाळून बंद पडलं होतं. तो मुलगा कुरकुरत होता, "काकू, दोन मशीनं असून एका डब्यात लाल पडत नाहीये. दोन्हीतून राखाडीच येतेय." मी सवयीने म्हणाले, "अरे, मग त्याची टाकी काढून याला लाव. याचं नोझल चांगलं आहे." त्याने लावली, बटण दाबलं, आणि डब्यात लाल धार पडली.

मी तिथेच एका पालथ्या बादलीवर बसले. पाटीची टाकी रिकामी होती आणि कोळशाचं नोझल बंद होतं. लाल दोघांकडेही नव्हता, आणि तरी लालासाठी लागणारं सगळं त्या दोघांत मिळून पूर्ण होतं. पाटीने नोझल दिलं, कोळशाने टाकी दिली, आणि त्यांना स्वतःला जन्मात कधी जो रंग दिसला नाही तो तेरा पोरांच्या अंगावर उमटला. किती पिढ्यांपूर्वीचा कुणी लाल पूर्वज असेल त्यांचा, कुठल्या शेतात उंदरांमागे फिरत असेल. त्याचा लाल रंग त्या दोन राखाडी अंगांतून मुकाट्याने चालत आला होता आणि वाट मिळताच उभा राहिला होता. मशीनवरचा मुलगा पाणी घेऊन आला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

पुढे जे केलं त्याची मला लाज वाटते. कळलं त्याच दिवशी मी बारकीकडे जायला हवं होतं. चष्म्याचं दुकान आमच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी गेले नाही. स्वतःला सांगितलं, की बाईंनी सांगितलं ते पुस्तकातलं झालं, पुरावा कुठाय? बाईंना फोन करून विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "सोपं आहे. ती लाल मादी मोठी झाली की तिला कोळशाशी जोडा. ती त्याचीच मुलगी असेल तर निम्मी पिल्लं राखाडी होतील. दुसऱ्या कुणाची असेल तर बहुतेक एकही होणार नाही."

"बापाशीच?" नवऱ्याने कपाळाला हात लावला. "सापांत नातीगोती नसतात वाटतं."

"नसतात म्हणूनच त्यांच्यात भांडणं होत नाहीत," मी म्हणाले.

तो हसला नाही. "तुला पुरावा कशाला हवाय? तू दोन मिनिटं जाऊन बोल तिच्याशी."

मी म्हणाले, आधी खात्री होऊ दे. वीट मोठी व्हायला आणखी एक वर्ष लागणार होतं आणि त्या वर्षाचा मला आधार वाटत होता, हे आता कबूल करते. माणसाला चूक समजणं आणि चूक झाली असं तोंडाने म्हणणं यांच्यात फार लांबचं अंतर आहे, निदान माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या बाबतीत.

वर्ष गेलं. वीट तीन वर्षांची झाली, तिचा लाल आता कुठल्याच पुस्तकात नव्हता. कोळशाशी तिला जोडलं. तिने सोळा अंडी घातली. पुन्हा ओलं शेवाळ, पुन्हा पेटी, पुन्हा सकाळ-संध्याकाळ आकडा बघणं. एकोणसाठाव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी झाकण उघडलं तर चार अंड्यांना चिरा पडलेल्या. आतलं काही दिसत नव्हतं, नुसती ओल आणि एका चिरेतून डोकावणारं एवढंसं नाक. नाकावरून रंग कळत नाही.

मी स्टूल ओढून बसले. दोन-चार तासांचा प्रश्न होता. राखाडी निघालं तर उजळ माथ्याने बारकीकडे जायचं, हे ठरलेलं होतं. आणि लाल निघाली तर? सगळी लाल निघाली तर मी काय करणार होते? कप आत ठेवत राहणार होते?

तेव्हा मला माझाच राग आला, असा की कानशिलं तापली. बारकीने एकच गोष्ट सांगितली होती आणि मी तिच्या शब्दावर तीन वर्षं अंडी उबवत बसले होते. मी उठले, पायात चपला सरकवल्या आणि निघाले.

रविवारी ती दुकानात एकटीच असते, शिल्लक काम उरकायला. मशीनवर काच फिरत होती. मला बघून तिने मशीन बंद केलं. तिचे केस पुढून पांढरे झाले होते. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

"बारके, मी चुकले," मी म्हणाले. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एवढंच उरलं.

ती काच पुसत राहिली. "पुरावा मिळाला वाटतं. दादा म्हणाला होता, अंडी आहेत."

"नाही मिळाला. अजून एकही बाहेर आलेलं नाही. म्हणूनच आत्ता आले." मग मी तिला टाकी आणि नोझल सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे मला वर्षभरापूर्वी कळलं होतं. "ती सगळी लाल निघाली तरी मी तेच म्हणेन. तू ठेवला नव्हतास. तू सांगितलंस तेव्हाच ते संपायला हवं होतं."

तिने काच फडक्यात गुंडाळली, खणात ठेवली, खण लावला. मला वाटलं, जा म्हणेल. ती म्हणाली, "चिरा किती वाजता पडल्या?"

"आठला असतील."

"मग चल लवकर."

रस्त्यात ती माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली. घरात शिरल्यावर भावाकडे बघितलं, आत गेली आणि पेटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. मी तिच्या शेजारी बसले. नवरा दारात उभा राहिला.

पहिलं डोकं आलं. लाल. मानेवर तोच नारिंगी ठिपका. वीसेक मिनिटांनी दुसरं आलं, तेही लाल. मग तिसरं. तेही.

"बारके, हे बघ, मला काही फरक पडत नाही," मी म्हणाले. "मी सांगितलंय ना तुला, माझा विश्वास—"

"मला पडतो," ती म्हणाली. नजर पेटीवरच होती. "तू गप्प बस जरा."

चौथ्या अंड्याची चीर मोठी होत होती. आतून काहीतरी ढकलत होतं, थांबत होतं, पुन्हा ढकलत होतं. एक पांढरा बुडबुडा आला आणि फुटला. मग त्या फटीतून एक डोकं वर आलं आणि कडेवर टेकून विसावलं. शाळेतल्या पाटीवर ओला हात फिरवावा तसा रंग. डोळे काळे, गाल करडे, मानेवर फिकट राखाडी ठिपका. लालाचा मागमूस नाही. दोन लाल भावंडांच्या मध्ये ते डोकं टेकलं होतं. कोळशाने विटेच्या अंगात लपवून ठेवलेली राखाडी होती ती. तीन वर्षं मी त्या लाल अंगावर नजर खिळवून बसले होते आणि ती त्याच अंगात होती.

"राखाडी," नवरा दारातून म्हणाला.

मी बारकीकडे बघितलं. मला वाटलं होतं ती हसेल, नाही तर मला चार शब्द सुनावेल. मी त्याला तयार होते. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"वहिनी," ती म्हणाली, "तू इतक्या खात्रीने म्हणालीस ना तेव्हा. तोंड बघून कळतं म्हणालीस. मी खोलीवर जाऊन रोज आठवायचे. कुठला डबा आधी उचलला, झाकण उघडलं का, गाजऱ्या कुठल्या हातात होता. आठवून आठवून मला ते दिसायलाच लागलं. मी ठेवतेय त्याला, असं. दोन वर्षं झाली, मला वाटतंय की मी ठेवलाच असेन."

पेटीत आणखी एका अंड्याला चीर पडली.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं, बारा वर्षांची असताना गणिताचा पेपर घेऊन यायची तशी. "मी नव्हता ठेवला ना गं?"

"नव्हता ठेवलास," मी म्हणाले. "तू नव्हता ठेवलास, बारके."